दोघंही थॅलेसेमिया मायनर, सोनोग्राफीत बाळाचं हार्ट एकदम नॉर्मल, तरी सुईची तपासणी करायची का?

नाशिकची_मृ

नमस्कार सगळ्यांना. खूप गोंधळ झालाय म्हणून लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मला आज ११ आठवडे ५ दिवस झालेत. पहिलीच वेळ. आठव्या आठवड्यात सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) केली तेव्हा हिमोग्लोबिन १०.२ आणि एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ६६ म्हणजे कमी आला, म्हणून डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची तपासणी) करायला सांगितली, त्यात ए२ हा प्रकार ५.२ म्हणजे जास्त आला, म्हणजे मी थॅलेसेमिया मायनर, आजाराची नुसती वाहक. लगेच नवऱ्याची केली, त्याचाही ४.९. आम्ही लांबलांबचेही नातेवाईक नाही, जात वेगळी, गाव वेगळं, तरी दोघांना तेच निघालं. लग्नाआधी पत्रिका पाहिली पण ही एक तपासणी कुणाच्या डोक्यातच आली नाही.

आता डॉक्टर म्हणतात सीव्हीएस करा, म्हणजे पोटातून सुई घालून वारेचा बारीक तुकडा काढतात, आणि ते १३-१४ आठवड्यांच्या आतच करायला हवं. परवा एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात ती सोनोग्राफी) झाला. बाळाचे ठोके १६१, हालचाल छान, एनटी १.३, सगळं नॉर्मल. सासूबाई सोबत होत्या, स्क्रीनवर ते इवलंसं हार्ट फडफडताना बघून त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, आणि घरी आल्यापासून त्यांचं एकच म्हणणं आहे की एवढं छान चाललंय तर सुई कशाला टोचायची, रक्ताचा आजार असता तर हार्टवर दिसलंच असतं ना.

मला त्यांचं पूर्ण चुकीचं वाटत नाही कारण मी स्वतः नेटवर वाचलं की थॅलेसेमियाच्या बाळाचं हार्ट पोटातच मोठं होतं, अंगात पाणी भरतं, आणि ते बाराव्या आठवड्यापासून सोनोग्राफीत कळतं. मग आमच्या बाळाचं मोठं नाहीये म्हणजे ते सुटलं असं समजायचं का? सुई न टोचता १८-२० आठवड्यांना फीटल एको (बाळाच्या हार्टची खास सोनोग्राफी) करून बघितलं तर चालेल का? प्लीज ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा, माझ्याकडे जेमतेम दहा-बारा दिवस आहेत.

संध्या_साताऱ्याची

अगं एवढं टेन्शन घेऊ नकोस. माझ्या मते एको नॉर्मल आला तर सुईच्या भानगडीत पडू नये, माझ्या नणंदेला सुद्धा असंच घाबरवलं होतं, तिने काहीच केलं नाही, मुलगा आता कॉलेजला आहे. सुईने गर्भ पडण्याची भीती असते तो विचार कर आधी. देवावर विश्वास ठेव.

ओवीची_आई

संध्याताई, तुमच्या नणंदेचं चांगलं झालं याचा खरंच आनंद आहे, पण हा सल्ला घेऊन नका जाऊ गं मृ. मी त्याच रस्त्याने गेलेली आहे म्हणून हात जोडून सांगते.

आम्ही कल्याणला राहतो. आमची तर लग्नाआधीच नाही, गरोदरपणातही एचपीएलसी झाली नव्हती. हिमोग्लोबिन कमी होतं तर लोहाच्या गोळ्या दिल्या, एमसीव्ही कुणी बघितला नाही, मलाही तेव्हा एमसीव्ही म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पाचव्या महिन्याची अॅनोमली सोनोग्राफी झाली, हार्टचे चारही कप्पे व्यवस्थित. वर एका नात्यातल्या बाळाला हार्टला भोक होतं म्हणून आम्ही हौसेने वेगळा फीटल एको पण केला, तोही नॉर्मल. फाईलमध्ये अजून आहे तो कागद. ओवी जन्मली २ किलो ९०० ग्रॅम, गुलाबी, पहिल्या मिनिटाला रडली. बघणाऱ्याला वाटावं ह्या मुलीला काय होणार आहे.

सहाव्या महिन्यानंतर दूध कमी प्यायला लागली. प्यायची, थांबायची, घामाघूम व्हायची, परत प्यायची. तळहात पांढरे दिसायला लागले, आई म्हणायची गोरी होतेय. आधी लोहाचं औषध दिलं दीड महिना. थॅलेसेमियाच्या बाळाला लोह. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन ४.८ आलं आणि मग सगळं कळलं. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष येऊन झालेला पूर्ण आजार.

आता ओवी नऊ वर्षांची आहे, हुशार आहे, नाचते, भांडते. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो, रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे. आणि मृ, हार्टचा प्रश्न आमच्याकडे आत्ता आहे, पोटात असताना नव्हता. चढवलेल्या प्रत्येक पिशवीसोबत लोह येतं, ते शरीराला बाहेर टाकता येत नाही, लिव्हरमध्ये साठतं आणि मग हार्टमध्ये. म्हणून रोज सकाळी पाण्यात गोळी विरघळवून देते लोह उतरवायला, फेरिटिन (साठलेल्या लोहाची रक्ततपासणी) बघतो, आणि यंदा पहिल्यांदा हार्टचा टी-टू-स्टार एमआरआय केला, हार्टच्या स्नायूत किती लोह आहे ते त्यात कळतं. तिला मशीनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं हलू नको म्हटलं तर तिने आतमध्ये पाढे म्हटले.

माझं लेकरू मला जीव की प्राण आहे, ती नसती तर हा विचारसुद्धा सहन होत नाही. पण मला आधी कळायला हवं होतं. काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, पण माहिती हातात घेऊन ठरवा. नॉर्मल एकोच्या भरवशावर नको.

सोनोग्राफर_सिंगापूर

मृ, मी गेली अकरा वर्षं इथे सिंगापूरला गर्भाच्या सोनोग्राफीचंच काम करते, मूळची सांगलीची. तू नेटवर जे वाचलंस ते खरं आहे पण ते तुझ्या आजाराबद्दल नाहीये. तिथेच सगळा घोळ झालाय, आणि तो माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी जणींचा होतो, त्यामुळे नीट सविस्तर लिहिते.

हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात. तुझ्यामाझ्यात दोन अल्फा आणि दोन बीटा. पण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं, त्यात दोन अल्फा आणि दोन गॅमा. म्हणजे बाळाला पोटात असताना बीटाची गरजच जवळजवळ पडत नाही. तुमच्या दोघांचा दोष बीटाच्या जनुकात आहे. त्यामुळे बाळाला दोघांकडून दोष आला, म्हणजे ते मेजर असलं, तरी पोटात त्याचं रक्त ठीक, ऑक्सिजन ठीक, आणि हार्टला काही जादा काम नाही. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद होतो आणि बीटाने जागा घ्यायची असते, ती घेत नाही, मग सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत कधीतरी बाळ पांढरं पडायला लागतं. ओवीच्या आईने लिहिलंय ते अक्षरशः हेच आहे. तेव्हा बीटा थॅलेसेमियात फीटल एको नॉर्मल येणारच, बाळ पूर्ण निरोगी असलं तरी, मायनर असलं तरी आणि मेजर असलं तरी. त्या रिपोर्टवरून तिघांत फरक करताच येत नाही. ठोके १६१ आले ते छानच आहे, पण त्याचा थॅलेसेमियाशी संबंध नाही.

तू वाचलंस तो अल्फा थॅलेसेमिया मेजर, बार्ट्स म्हणतात त्याला. अल्फाची चार जनुकं असतात, आईकडून दोन, बापाकडून दोन. चारही गेली तर बाळाला गर्भातलं हिमोग्लोबिनसुद्धा बनवता येत नाही, कारण त्यातही अल्फा लागतोच. मग नुसत्या गॅमाच्या चार साखळ्या एकत्र येतात, आणि हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन इतका घट्ट धरून ठेवतं की पेशींना सोडतच नाही. रक्त पातळ आणि वर असं कंजूस. मग बिचारं हार्ट काय करणार, जास्त जास्त पंप करतं, आणि मोठं होत जातं.

हे आम्हाला दिसतं कसं ते सांगते. बाळाच्या छातीचा आडवा छेद घ्यायचा, चारही कप्पे एका चित्रात आले पाहिजेत, हार्टची रुंदी मोजायची, छातीची रुंदी मोजायची, भागाकार करायचा. १२-१३ आठवड्यांचं बाळ माझ्या अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, त्याची छाती दीड-दोन सेंटीमीटर, त्यात कर्सर ठेवताना श्वास रोखून धरावा लागतो, अर्ध्या मिलीमीटरने आकडा फिरतो. भागाकार ०.५ च्या खाली राहिला तर बरं. वर गेला तर वार जाड झालीय का बघतो, आणि मेंदूकडे जाणाऱ्या मधल्या धमनीत रक्ताचा वेग बघतो, कारण रक्त पातळ असलं की ते जोरात पळतं. तो वेग त्या आठवड्याच्या मध्यम आकड्याच्या दीडपट झाला तर अॅनिमिया असण्याची शक्यता खूप. हार्टच्या कामाचंही माप घेतात, टेई इंडेक्स म्हणतात, कप्पा आकुंचन पावायला आणि सैल व्हायला किती वेळ वाया घालवतो त्याचा हिशेब असतो तो. एक गोष्ट मात्र बघून जीव तुटतो, ह्या बाळांचं हार्ट सुरुवातीला कमजोर नसतंच, उलट खूप जोमाने चालत असतं, जमेल तितके दिवस ते सगळं सांभाळून घेतं. मग छातीत, पोटात, कातडीखाली पाणी साठायला लागतं. आणि आईलाही धोका असतो, तिचं बीपी वाढतं, अंगावर सूज येते, म्हणून उशिरा कळून चालत नाही.

हाँगकाँग, दक्षिण चीन, थायलंड इथे हा आजार जास्त, कारण तिथे एकाच गुणसूत्रावरची दोन्ही अल्फा जनुकं गेलेले वाहक बरेच आहेत. आपल्याकडे भारतात अल्फाचे वाहक भरपूर आहेत पण बहुतेकांचं एका गुणसूत्रावरचं एकच जनुक गेलेलं असतं, त्यामुळे चारही जाण्याची वेळ क्वचित येते. येत नाही असं नाही, पण क्वचित. बीटा मात्र आपल्याकडे घरोघरी सापडेल.

तेव्हा तुमच्यासाठी उत्तर एकच, डीएनए. सीव्हीएस. आणि १८-२० आठवड्यांची फीटल एको कर हवं तर, पण ती हार्टच्या रचनेसाठी, तिचा ह्या प्रश्नाला उपयोग नाही. तोपर्यंत थांबलीस तर सीव्हीएसची वेळ निघून जाईल, मग पाणी काढून तपासणी, रिपोर्ट यायला अजून दिवस, आणि पोट दिसायला लागल्यावर कुठलाही निर्णय दसपट जड जातो.

नाशिकची_मृ

ओवीची आई, तुमचं वाचून खूप रडले, पण लिहिलंत ते फार बरं केलंत. ओवीला माझ्याकडून एक गोड पापी द्या.

सिंगापूरताई, गॅमाचं ते वाचलं आणि पहिल्यांदा कळलं की डॉक्टर का एवढी घाई करत होत्या. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत पण पोथी बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं. अजून थोडं विचारू का? सुईने गर्भ पडण्याची शक्यता खरंच किती? माझा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि अल्फावाल्या त्या बाळांचं पुढे काय होतं, काहीच करता येत नाही का, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

सोनोग्राफर_सिंगापूर

विचार गं, त्यासाठीच आहे.

पूर्वी शंभरात एक असं सांगायचे. आता अनुभवी हात असेल तर सुईमुळे वाढणारा धोका त्याहून बराच कमी आहे असं दिसतं. काही गर्भ तर तसेही त्या काळात पडतात, सुई टोचली नाही तरी, आणि लोक दोन्ही एकत्र मोजतात. तुमच्या बाबतीत दुसऱ्या बाजूला काय आहे ते पण बघ, प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मेजरची, ५० टक्के तुमच्यासारखं मायनर, २५ टक्के एकदम मोकळं. करणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारायचं की तुम्ही महिन्याला किती सीव्हीएस करता, त्यात लाजायचं काही नाही.

बी निगेटिव्हचं आधीच सांग त्यांना, नवरा पॉझिटिव्ह असेल तर त्याच दिवशी अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागेल, तुझं शरीर बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध उठू नये म्हणून. विसरू नकोस हे. आणि सुईच्या आधी तुमच्या दोघांचं रक्त डीएनएसाठी गेलंय का ते विचार. तुमचा दोष नेमका कुठला ते आधी सापडलं की मग बाळाच्या नमुन्यात तेवढंच शोधायचं असतं, नाहीतर नमुना पडून राहतो आणि दिवस जातात. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे थॅलेसेमिया आणि सिकलसेलची गर्भातली तपासणी वर्षानुवर्षं होतेय, नाशिकहून बऱ्याच जणी जातात, तुझ्या डॉक्टरांना विचार नमुना कुठे पाठवणार आहेत.

अल्फाच्या बाळांचं, करता येतं. नाळेतल्या शिरेत सुई घालून पोटातच बाळाला रक्त देतात, साधारण १८ आठवड्यांच्या पुढे, ओ निगेटिव्ह, घट्ट केलेलं रक्त, आणि मग दर दोन-चार आठवड्यांनी परत. पोटातल्या बाळाला रक्त द्यायची सुरुवात १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडला झाली, तेव्हा ती आरएचच्या, म्हणजे आई-बाळाचा रक्तगट न जुळण्याच्या, त्रासासाठी होती. मी अशा एका बाळाचे स्कॅन केलेत. पहिल्या वेळी हार्टने अर्ध्याहून जास्त छाती व्यापलेली, पोटात पाण्याची काळी रेघ. तिसऱ्यांदा रक्त दिल्यावर मी मोजलं तर हार्ट लहान झालेलं आणि पाणी गायब. मी दोनदा मोजलं, विश्वास बसेना. ते बाळ जन्मलं, घरी गेलं. पण त्याला पुढे ओवीसारखंच आयुष्यभर रक्त, किंवा बोनमॅरो बदलणं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात आईच्याच बोनमॅरोच्या पेशी पोटातल्या बाळाला देऊन बघण्याचा प्रयोगही सुरू केला होता.

गडचिरोलीचा_भाऊ

ताई, मी आरोग्य खात्यात लॅबचं काम करतो, आमच्या इकडे सिकलसेल म्हटलं का सगळ्यायले माहीत असते, थॅलेसेमियाचं नाव कमी घेतात. पण गोष्ट तीच आहे म्हणून लिहितो. सिकलसेलचा दोष पण बीटाच्याच जनुकात असते, त्यामुळे एसएस पॅटर्नचं, म्हणजे मायबाप दोघाकडूनही दोष आलेलं, बाळ पण पोटात ठणठणीत राहते, सोनोग्राफीत काहीच दिसत नाही, जन्मल्यावर पण चार-सहा महिने दिसत नाही. मग हातापायाची बोटं सुजतात, रडून राहते, आणि मायबाप म्हणतात काही चावलं असेल. मी स्वतः असे नमुने हातात घेतलेत, इलेक्ट्रोफोरेसिसची (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायची तपासणी) पट्टी रंगवून काढली की एसचाच, म्हणजे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा, पट्टा, आणि बाहेर बाकावर आई पोराले घेऊन बसलेली.

एक वेगळी गोष्ट सांगतो, त्यात लोक गल्लत करतात. आई स्वतः एसएस असेल तर मात्र बाळाकडे सोनोग्राफीत सारखं बघावं लागते, डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करावं लागते, कारण आईच्या आजारानं वारेचा रक्तपुरवठा कमी पडते आणि बाळाची वाढ खुंटते. तिथं बाळाचा पॅटर्न कोणता याचा संबंध नाही. वाहक असलेल्या आईले, म्हणजे एएसले, सहसा तो त्रास नसते.

आणि अजून एक, फक्त सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची साधी चाचणी) करून थांबू नका कोणी. त्याच्यात थॅलेसेमिया दिसत नाही. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, अशा जोडप्याचं पोर पण आजारी निघू शकते, आणि आता शिक्षणानं, नोकरीनं सगळीकडची लग्नं होऊन राहिली, चांगलंच आहे ते, पण दोघांचीही एचपीएलसी पाहिजे. २०२३ च्या जुलैपासून केंद्राची सिकलसेलची मोहीम चालू आहे, तपासण्या खूप होऊन राहिल्या, पण तपासणीचं कार्ड हातात घेऊन लोक ते पेटीत ठेवून देतात. लग्न जमवताना बाहेर काढत नाहीत.

संध्या_साताऱ्याची

मृ, माझं वरचं उत्तर चुकलं गं. मी आज नणंदेला फोन करून विचारलं, तिच्यात फक्त तिला मायनर होतं, नवऱ्याला नव्हतं, म्हणून तिला काही करायची गरजच नव्हती. मला एवढंच आठवत होतं की घाबरवलं होतं. माझ्यामुळे तुझे दिवस गेले असते. सॉरी.

नाशिकची_मृ

संध्याताई सॉरी कशाला, तुम्ही परत येऊन सांगितलंत हेच खूप.

आज गुरुवार, काल झालं सीव्हीएस. सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून सांगायलाच हवं. आमच्या दोघांचं रक्त डॉक्टरांनी आधीच घेतलं होतं, दोघांचा दोष एकच निघाला, आयव्हीएस वन-फाईव्ह, भारतात हाच सगळ्यात जास्त सापडतो म्हणे. मुंबईला गेलो होतो. फॉर्म भरला, बाळ मुलगा का मुलगी ते विचारणार नाही-सांगणार नाही त्यावर सह्या झाल्या. बधिर करायचं इंजेक्शन दुखलं, नंतरची सुई दाब दिल्यासारखी वाटली फक्त. मी डोळे मिटणार होते पण नाही मिटले, स्क्रीनवर सुईची पांढरी रेघ वारेत होती आणि तिच्यापासून बऱ्याच लांब बाळ आपलं पाय झाडत होतं, हार्ट तसंच फडफडत होतं. दोन-तीन मिनिटांत झालं. अँटी-डी घेतलं. आज थोडं पोट ओढल्यासारखं आहे पण रक्तस्राव नाही, दोन दिवस आराम सांगितलाय.

सासूबाई आल्या होत्या सोबत. बाहेर बसून होत्या, मी आल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही, डॉक्टरांना विचारलं, गॅमा जन्मल्यावर बंद होतो तो चालू नाही का ठेवता येत. डॉक्टर हसल्या नाहीत, म्हणाल्या आजी, सगळं जग तेच शोधतंय, काही औषधं त्यासाठीच आहेत. मग त्यांना खुर्चीवर बसवून पाच मिनिटं समजावून सांगितलं.

रिपोर्टला आठ-दहा दिवस म्हणालेत. आम्ही दोघांनी ठरवलंय की रिपोर्ट हातात आल्यावरच पुढचं बोलायचं, त्याआधी नाही. ओवीची आई, तुम्हाला मेसेज केलाय, जमेल तेव्हा बघा, तुमच्याशी फोनवर बोलायचं होतं.